सुप्याच्या माळावर कोणती दुर्बीण न्यावी?

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 साली जाहीर झालेलं. चिंकाराचं हक्काचं घर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. आता नेम धरायचा तो डोळ्यांनीच!

त्यासाठी मी 8×42 सुचवेन. 8 म्हणजे आठपट मोठं दिसणं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भागाकार सव्वापाच: डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. झुंजुमुंजू उजेडात तीच कामी येते. 10×42 मध्ये ती 4.2 वर उतरते, हाताची थरथरही जास्त जाणवते. त्यात ऊन चढून माळ तापला की हवेचं लवलवणंसुद्धा मोठं होऊन दिसतं.

पिवळ्या गवतात चिंकारा कान हलला तरच सापडतो. चष्मा असेल तर दुर्बिणीची रबरी वाटी खाली दुमडून बघा.