एकोणिसाव्या दिवशी आलेला फोन

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या प्रत्येक घरात एक प्रश्न हमखास येतो: या वस्तूचं आता करायचं काय? आईच्या काळी दारावर बोहारीण यायची, जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची. आता आपण मोबाईलवर चार फोटो काढतो, दोन ओळी लिहितो आणि जाहिरात टाकतो. गेल्या चार-पाच वर्षांत मी असा मॉनिटर विकला, अभ्यासाचं टेबल विकलं, लेकीची लहानपणची सायकल विकली. पैसे फार मिळतात असं नाही, पण घर मोकळं होतं. विकणं सोपं असतं. अवघड असतो तो विकल्यानंतर येणारा फोन.

गेल्या वर्षी मी माझा चार वर्षं जुना लॅपटॉप १८,००० रुपयांना विकायला काढला. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘एकाच माणसाने वापरलेला, स्क्रीन आणि कीबोर्ड उत्तम, बॅटरी ठीक. सात दिवसांत काही अडचण आली तर परत घेईन.’ डभोईहून एक काका आले. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणार होती. अर्धा तास बसले, लॅपटॉप चालू करून पाहिला, चहा घेतला, यूपीआयने पैसे दिले आणि गेले.

एकोणिसाव्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘भाई, लॅपटॉप पाछुं लेशो?’ चार्जर काढला की पाऊण तासात बंद पडतो, म्हणाले. मी लगेच सांगितलं, ‘काका, मुदत सात दिवसांची होती.’ ते क्षणभर थांबले. ‘हा, ए बराबर छे,’ म्हणाले आणि फोन ठेवला. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बॅटरी ठीक आहे, हे तू कशावरून लिहिलंस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरून काम सुरू झाल्यापासून तो लॅपटॉप टेबलावर कायम चार्जरला लावलेला असायचा. बॅटरीवर किती चालतो हे मी दोन वर्षांत पाहिलंच नव्हतं. ‘ठीक’ हा शब्द मी सवयीने लिहिला होता. खोटं बोललो नव्हतो, पण मला जे माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं लिहिलं होतं. इंजिनियर असून ही गत!

संध्याकाळी काकांना फोन केला आणि मुलीशी बोललो. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची सोय असते. एक छोटी आज्ञा टाइप करावी लागते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती चार्ज धरते, हे दोन्ही आकडे दिसतात. तिने फोटो पाठवला. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, सध्या १५,५००. म्हणजे जेमतेम ३७ टक्के. एकोणीस दिवसांच्या वापराने बॅटरी एवढी खालावत नाही. दोष माझ्याच घरून गेला होता.

मग इतके दिवस बोलले का नाहीत? कारण साधं होतं. कॉलेज सुरू व्हायचं होतं, तोवर मुलगी घरीच चार्जर लावून वापरत होती. वर्गात नेल्यावर कळलं. माझ्या सात दिवसांत तो दोष दिसण्याची वेळच आली नव्हती.

मी दोन पर्याय दिले: लॅपटॉप परत करा, पूर्ण पैसे देतो, किंवा नवी बॅटरी बसवून घ्या, बिल माझं. मुलीने कॉलेजची सगळी सॉफ्टवेअर त्यावर टाकली होती, म्हणून त्यांनी बॅटरी घेतली. २,८०० रुपये गेले. बायको म्हणाली, ‘महागात पडली तुझी ती “ठीक”.’

पण उशिरा आलेला प्रत्येक फोन असा नसतो. त्याआधी मी स्पीकरचा एक जोड विकला होता, नवरात्र सुरू व्हायच्या दोन दिवस आधी. घेणाऱ्याने आमच्या गल्लीत मोठ्या आवाजात वाजवून पाहिला, खूश होऊन नेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘आवाज कमी वाटतो, परत घ्या.’ बडोद्यात राहणाऱ्याला यातलं गणित समजावून सांगायला नको! मी लिहिलं, ‘तुम्ही स्वतः वाजवून पाहिला होता आणि मुदत संपली आहे, त्यामुळे परत घेता येणार नाही.’ पुढे चार मेसेज आले. मी पुन्हा उत्तर दिलं नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

या दोन प्रसंगांतून मला एक गोष्ट उमगली. उशिरा परत करायला आलेल्या माणसाला ‘किती दिवस झाले?’ हा पहिला प्रश्न नाही. पहिले प्रश्न दोन: दोष विकतानाच होता का? आणि घेणाऱ्याला तो तेव्हा दिसू शकला असता का? मन बदललं, स्वस्तात दुसरं मिळालं, काम झालं, यासाठी मुदत असते आणि ती पाळायला लावण्यात काही गैर नाही. पण मी चुकीचं वर्णन केलं असेल, तर माझी चूक आठव्या दिवशी बरोबर होत नाही.

कायदाही साधारण असाच विचार करतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापाऱ्याने सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपण घरातली एखादी वस्तू विकतो तेव्हा व्यापारी नसतो. २०२० चे ई-कॉमर्स नियमही अशा वैयक्तिक, अधूनमधून होणाऱ्या विक्रीला लागू होत नाहीत. पण १९३० चा माल विक्री कायदा आपल्यालाही लागू आहे. त्यात घेणाऱ्याने पारखून घ्यावं हे तत्त्व आहे, आणि वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, हेही आहे. आणि हो, जुने फोन विकत घेऊन नियमित विकू लागलात, तर तुम्ही व्यापारीच.

आता मी काय करतो ते सांगतो. विकण्याआधी वस्तू चालताना व्हिडिओ काढतो. सीरियल नंबर, फोन असेल तर *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, फोटोत घेतो आणि घेणाऱ्यालाही पाठवतो. परत येताना तीच वस्तू आली का हे कळतं. माहीत असलेला दोष आकड्यानिशी लिहितो. मुदत वस्तूच्या वापराप्रमाणे ठरवतो. उशिरा फोन आला तर लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. फोटो-व्हिडिओ मागतो आणि ‘उद्या संध्याकाळी सांगतो’ म्हणतो. रागावलेली दोन्ही माणसं रात्रभरात जरा निवळतात.

परत घ्यायचं ठरलं तर आधी वस्तू हातात घेऊन तपासतो, मग ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत करतो. ‘भावाच्या नंबरवर टाका’ म्हटलं तर नाही. कोणी क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन करून पिन टाका, व्यवहार उलटा होईल’ म्हणालं, तर समजा की फसवणूक आहे. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत.

मागच्या महिन्यात बायकोचा टॅब विकला. जाहिरातीत लिहिलं: ‘पूर्ण चार्ज करून व्हिडिओ लावला, ३ तास १० मिनिटं चालला. डाव्या कोपऱ्यात चरा आहे.’ अपेक्षेपेक्षा हजार रुपये कमी आले. बाबांनी जाहिरात चष्मा लावून पूर्ण वाचली, फोन परत दिला आणि म्हणाले, ‘आता ठीक आहे.’