छप्पन्न युनिटांची शर्यत
महिंद्राच्या २०१६-१७च्या हंगामाचा हिशेब

वालूर (ता. सेलू, जि. परभणी), प्रतिनिधी : मोटार शर्यत म्हटली की कानठळ्या बसविणारा आवाज आणि पेट्रोलचा धूर असे चित्र डोळ्यांसमोर येते. फॉर्म्युला ई या आंतरराष्ट्रीय शर्यतमालिकेत यांपैकी काहीच नसते. येथे गाडी विजेवर चालते. तिचे अर्थकारण समजून घेण्यासाठी आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळ्या शिकवणीची गरज नाही. वीज मोजकी असेल तर मोटार कधी चालू करायची आणि कधी थांबवायची, हे तो रोजच ठरवीत असतो.

मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ २०१४मध्ये ही मालिका सुरू झाल्यापासून तीत आहे. पहिल्या हंगामात तो आठव्या क्रमांकावर राहिला, दुसऱ्यात पाचव्या. २०१६-१७चा तिसरा हंगाम मात्र निराळा ठरला. तो समजण्यासाठी आधी बॅटरीचे गणित पाहावे लागेल.

त्या काळी प्रत्येक गाडीच्या बॅटरीतून २८ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २८ युनिट वीज वापरता येत असे. एवढ्या विजेवर पाच अश्वशक्तीचा कृषिपंप सुमारे सात तास चालेल. शर्यतीत गाडीला कमाल १७० किलोवॅट शक्ती वापरण्याची मुभा होती. ही शक्ती अशा सुमारे ४५ पंपांची. चालकाने पाय सतत पूर्ण दाबून ठेवला, तर २८ युनिट दहा मिनिटांतच संपणार! शर्यत तर पाऊण तासाहून अधिक चालायची. म्हणून प्रत्येक चालकाला दोन गाड्या दिल्या जात. शर्यतीच्या मध्यावर तो पिटमध्ये येई, पहिल्या गाडीतून उतरून दुसरीत बसे आणि पुन्हा मार्गावर जाई. तरीही हाती छप्पन्नच युनिट. बाकीची भर काटकसरीने घालायची. वळण येण्याआधीच पाय उचलून गाडी नुसती वाहू द्यायची, आणि वेग कमी करताना मोटरलाच जनित्र बनवून थोडी वीज बॅटरीत परत भरायची. त्यामुळे सर्वांत वेगवान चालक जिंकेलच असे नव्हते. मेक्सिकोच्या शर्यतीत ब्राझीलचा लुकास दी ग्रासी गाडीचा मागचा पंख मोडल्याने सर्वांच्या मागे फेकला गेला होता. त्याने गाडी इतरांच्या आधी बदलली, उरलेली वीज अखेरपर्यंत पुरवली आणि शर्यत जिंकली.

महिंद्राकडे त्या हंगामात स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट आणि फॉर्म्युला वनमधील जुना, मुरलेला जर्मन चालक निक हाइडफेल्ड होते. (संघ भारतीय असला तरी चालकांत भारतीय कोणी नव्हता, ही खंत नोंदविणे भाग आहे. पहिल्या हंगामात चेन्नईचा करुण चंढोक होता. पुढे मुंबईचा जेहान दारूवाला महिंद्राचा राखीव चालक झाला. पण २०२३-२४चा हंगाम तो खेळला मासेरातीकडून.) हाँगकाँगच्या सलामीच्या शर्यतीतच हाइडफेल्डने तिसरे स्थान मिळविले. विजय मात्र हुलकावणी देत होता.

तो आला १० जून २०१७ रोजी बर्लिनमध्ये, टेम्पलहोफच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या फरसबंदीवर. रोझेनक्विस्ट पहिला, हाइडफेल्ड तिसरा. महिंद्राचा या मालिकेतला हा पहिलाच विजय. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर पुन्हा शर्यत होती आणि तीतही रोझेनक्विस्टनेच अंतिम रेषा सर्वांआधी ओलांडली. पण विजेता म्हणून नाव जाहीर झाले ते रेनॉच्या सेबास्तियन ब्युएमीचे.

घडले ते असे. महिंद्राचे दोन्ही चालक गाडी बदलण्यासाठी एकाच वेळी पिटमध्ये आले होते. दुसऱ्या गाडीत बसलेल्या रोझेनक्विस्टला संघाने बाहेर सोडले, ते नेमके आपल्याच हाइडफेल्डच्या वाटेत. पिटमध्ये माणसे पायी वावरत असतात. म्हणून गाडी असुरक्षितपणे सोडण्याच्या चुकीला पंच माफी देत नाहीत. रोझेनक्विस्टच्या वेळेत दहा सेकंद वाढविण्यात आले आणि तो दुसरा ठरला. विजयाचे २५ गुण गेले, १८ मिळाले. चालकाने मार्गावर वाचविलेले, कमावलेले सारे पिटमधील एका इशाऱ्याने गेले. प्रतिस्पर्ध्याने हरविले असते तर दुःख कमी झाले असते, असे आम्हांस वाटते.

अजिंक्यपदाचा निकालही असाच चमत्कारिक लागला. ब्युएमीने बारापैकी सहा शर्यती जिंकल्या. तरी तो विजेता नाही. न्यूयॉर्कच्या दोन्ही शर्यतींना तो नव्हता, कारण त्याच तारखांना टोयोटासाठी सहनशक्तीच्या शर्यतीत उतरणे त्याला बंधनकारक होते. त्याआधी बर्लिनमधील पहिल्या शर्यतीत टायरमधील हवेचा दाब कमी भरला म्हणून, तर शेवटी माँट्रियलमध्ये गाडीचे वजन कमी भरले म्हणून त्याला बाद ठरविण्यात आले. केवळ दोन विजय मिळविणारा दी ग्रासी १८१ गुणांसह अजिंक्य ठरला. ब्युएमीचे १५७ झाले आणि रोझेनक्विस्ट १२७ गुणांवर तिसरा आला. संघांमध्ये महिंद्रा २१५ गुणांसह तिसऱ्या क्रमांकावर राहिला. पुढे होते फक्त रेनॉ आणि आउडीचे संघ.

ही मालिका भारतात आली ती ११ फेब्रुवारी २०२३ रोजी, हैदराबादच्या हुसेनसागर तलावाकाठी. परभणीकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ. पण तोवर गाड्यांची पिढी बदलली होती. २०१८-१९च्या हंगामापासून ५४ किलोवॅट-तासांची बॅटरी आली, एकाच गाडीत शर्यत पूर्ण होऊ लागली आणि मध्येच उतरून दुसऱ्या गाडीकडे धावणाऱ्या चालकांचे दृश्य कायमचे बंद झाले.