तडजोडीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

म्हैसूर येथील केंद्रीय भारतीय भाषा संस्थानात (स्थापना १९६९) मराठीसह अनेक भारतीय भाषांचे लिखित व ध्वनिमुद्रित नमुने पद्धतशीरपणे संकलित केले जातात. यंत्राला भाषा शिकवावयाची ती अशाच संग्रहांच्या आधारे. परंतु वकिलाच्या कचेरीत, बंद दाराआड, दोन पक्षांमध्ये जी मराठी बोलली जाते ती या संग्रहांत सहसा येत नाही. ती गोपनीयच असते, आणि २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात त्या गोपनीयतेला कायद्याचे संरक्षण देण्याची तरतूद आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे वकिली व्यवसायात काय पालटते आहे, याचा विचार या पोकळीपासून करणे इष्ट.

निकालपत्राची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही यांत्रिक अनुवादप्रणाली सुरू केली. तिच्या आरंभीच्या भाषांत मराठी व कन्नड या दोन्ही होत्या. येथे मूळ संहिता सिद्ध असते. अनुवाद तिच्याशी ताडून पाहता येतो.

वाटाघाटीत संहिता अजून घडावयाची असते. ‘आम्ही हा वाद मिटवू’ म्हणणारा स्वतःच्या पक्षापुरते बोलतो. ‘आपण हा वाद मिटवू’ म्हणणारा प्रतिपक्षालाही सोबत घेतो. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असते, आणि मुरब्बी वकील या संदिग्धतेचा पुरेपूर उपयोग करतो. गुजरातीत हा भेद आहे. इंग्रजीत नाही, आजच्या कन्नडमध्येही ‘नावु’ हे एकच सर्वनाम दोन्हींचे काम करते. म्हैसूरच्या कन्नड पक्षकाराचे ‘नावु’ मराठीत आणताना यंत्राला दोहोंपैकी एक निवडावेच लागते. ‘खर्च आम्ही सोसू’ की ‘खर्च आपण सोसू’? रक्कम कोणी द्यावयाची, हे त्या एका शब्दावर ठरते.

कैफियतीचे, अर्जांचे, तडजोडीच्या पुरसिशीचे मसुदे करणे हे आजवर कनिष्ठ वकिलाचे काम. ते कंटाळवाणे आणि मोबदलाही तुटपुंजा. ते यंत्राकडे गेले म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. मात्र ज्येष्ठाने ‘आपण’ खोडून ‘आम्ही’ का केले, हे उमगण्याची संधी त्याच कामात होती. ती गेल्यावर यंत्राचा मसुदा तपासणारा वकील कोठून तयार व्हावा?

डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने दिलेला एक आदेश, त्यात उद्धृत केलेले निवाडे अस्तित्वातच नसल्याने, मागे घ्यावा लागला. बनावट निवाडा ग्रंथालयात सापडत नाही, म्हणून तो उघडकीस येतो. चुकीच्या सर्वनामाला असा पडताळा नाही. मध्यस्थीतून झालेली तडजोड हुकूमनाम्याप्रमाणे अमलात यावी, अशी तरतूद उपरोक्त अधिनियमात आहे. तिला आव्हान देण्याची कारणे मात्र मोजकी आहेत: कपट, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीस अपात्र विषय. सदोष अनुवादाचा त्यांत उल्लेख नाही.