बार्शी लाइट : अडीच फुटांच्या रुळांवरचा व्यापार

बार्शी लाइट रेल्वेचे नाव निघाले की सोलापूर, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतील जुन्या मंडळींच्या बोलण्यात दोन गोष्टी हटकून येतात : एक, आषाढी-कार्तिकीस टपावर बसून पंढरपूर गाठणारे वारकरी, आणि दुसरी, त्या गाडीच्या मंद चालीवरचे विनोद. विनोद येथे सांगत नाही, कारण ते या देशातील प्रत्येक अरुंद लाइनीविषयी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले जातात आणि त्यांत बार्शीचे असे काही नसते. वारकऱ्यांची गोष्ट खरी आहे, परंतु ती उत्तरार्धातली आहे. ही लाइन ज्या हिशेबावर उभी राहिली त्या हिशेबात प्रवासी गौण होता; मुख्य होता तो माल, म्हणजे रुईच्या गाठी, करडई-जवसाची पोती, आणि ती पोती मुंबईच्या बाजारात चार आणे स्वस्त पोहोचविण्याची बार्शीच्या पेठेची निकड. रेल्वेचा हा मालवाहू इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही, म्हणून हा आढावा.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लाइन १८५९ साली जेथवर आली, तेथील ठाण्याला कंपनीने ‘बार्शी रोड’ असे नाव दिले. हेच आजचे कुर्डुवाडी. बार्शी तेथून एकवीस मैलांवर राहिली. आता बार्शी ही काही आडबाजूची वस्ती नव्हती. बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेला हा तालुका मुंबई इलाख्यातला, परंतु त्याच्या बहुतेक बाजूंनी निजामाचा मुलूख, म्हणजे लोकांच्या बोलीतली मोगलाई. त्यामुळे घाटावरून उतरणारा मोगलाईतील कापूस, गळिताचे धान्य आणि तूर यांना सरहद्द ओलांडताच पहिली मोठी पेठ लागे ती बार्शीचीच. मोगलाईत निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया, इकडे इंग्रजी कलदार. तिकडे करोडगिरीचे नाके, इकडे इंग्रजी कायदा आणि दिवाणी कचेरी. व्यापाऱ्याला अशा ठिकाणी दुकान थाटणे का सोयीचे वाटावे, हे निराळे सांगावयास नको. अडचण एवढीच की पेठेत जमलेला माल आगगाडीपर्यंत नेण्यास बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीतली ती एकवीस मैलांची वाट बैलांची व मालधन्याची सारखीच परीक्षा पाही.

ही अडचण ज्याने हेरली तो एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता, जन्म १८५७ सालचा. १८८२ साली तो जी. आय. पी. रेल्वेत इंजिन-निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला, आणि नोकरीत असतानाच मोठ्या लाइनीला माल आणून घालणाऱ्या हलक्या पोषक लाइनींचा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. बार्शीच्या मार्गाची पाहणी त्याने त्याच दशकात केली. परंतु पाहणी, तजवीज, मंजुरी आणि भांडवल या चार पायऱ्या चढण्यास सुमारे दहा वर्षे गेली. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली, सरकारशी करारनामा झाला, आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही एकवीस मैलांची लाइन खुली झाली.

या कॅलथ्रॉपची बुद्धी कोणत्या जातीची होती हे पाहण्यासारखे आहे, कारण बार्शी लाइटचे सगळे वैशिष्ट्य तीत आहे. हलकी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची लहान प्रतिकृती, अशी त्या काळच्या पुष्कळांची समजूत होती. कॅलथ्रॉपने प्रश्न उलट्या टोकाकडून धरला. रूळ किती जड घालावा हे डब्याच्या किंवा इंजिनाच्या एकूण वजनावर ठरत नसून एकेका आसावर, म्हणजे चाकांच्या एकेका जोडीवर, किती भार पडतो यावर ठरते. तेव्हा तो भार सर्व वाहनांत एकसारखा ठेवला आणि एका मर्यादेपलीकडे कोठेच जाऊ दिला नाही, तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येईल. मर्यादा त्याने पाच टनांची ठरविली. इंजिन असो, मालाची वाघीण असो वा उतारूंचा डबा असो, एकाही आसावर पाच टनांहून अधिक भार पडावयाचा नाही. परिणाम असा की एका वाराला तीस पौंड वजनाचे रूळ पुरे झाले. मोठ्या लाइनीचे रूळ याच्या दुपटीहून जड असत. रूळ हलके म्हणून पूल हलके, भराव बेताचे, वळणे मोकळ्या मनाने घेता येतील अशी, आणि एकंदर खर्चवेच एखाद्या तालुक्याच्या व्यापाराला पेलेल एवढाच.

वाघिणींचा हिशेब यावरून आपोआप ठरला. चार आसांच्या वाघिणीचे भरलेले वजन वीस टनांपर्यंत चालेल. मग त्या विसांतले स्वतः वाघिणीचे वजन जितके कमी तितका माल अधिक. म्हणून लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबीव पोलादाचे सांगाडे करवून घेतले, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद, सर्व प्रकारच्या मालडब्यांना एकच सांगाडा. अडीच फुटांच्या रुळांवर सात फूट रुंदीचा डबा, म्हणजे दोन्ही अंगांनी रुळाबाहेर सव्वादोन फुटांइतका आलेला, हे कागदावर पाहून कोणीही कचरावे. परंतु कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून, त्यावर मुद्दाम वळणे व चढ ठेवून, ही वाहने हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी चालवून दाखविली. इंजिने किट्सन कंपनीची होती : पुढे जोडलेली आठ चाके आणि मागे चार, म्हणजे एकंदर सहा आसांवर वजन वाटलेले. एकवीस मैलांच्या लाइनीसाठी एवढा काटेकोरपणा कशाला, असे वाटण्याचा संभव आहे. माझ्या मते हा काटेकोरपणा नसता तर कंपनी पहिल्या दशकातच बुडाली असती.

लाइन खुली झाली ते वर्ष मात्र व्यापाराच्या मुहूर्ताचे नव्हते. १८९६-९७च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा पोळून निघाला होता, ठिकठिकाणी दुष्काळी कामे चालू होती, आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगने ठाण मांडले होते. कापूस बाहेर नेण्यासाठी घातलेल्या रुळांना आरंभीच गाठ पडली ती अशा मुलखाशी, ज्याला धान्य आत आणण्याची गरज होती. तीन वर्षांनी, १८९९-१९००मध्ये, पुन्हा तोच प्रसंग. मालवाहू लाइनीचा हा गुण आहे की तिला मालाची दिशा बदलल्याचे सोयरसुतक नसते. दुष्काळ सरले, आणि कंपनीने विस्ताराकडे लक्ष वळविले.

विस्तार दोन दिशांना झाला. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत रूळ गेले. दुसरीकडे बार्शीहून पांगरी, रामलिंग, येडशी या बाजूने बालाघाट चढून तडवळे, ढोकी, मुरूड असा मार्ग काढीत १९११ साली लाइन लातुरास पोहोचली. पैकी लातूरचा फाटा हा व्यापाराच्या दृष्टीने कळीचा. पूर्वी जो माल गाड्यांतून घाट उतरून बार्शीस येई, तो आता लातुरातच वाघिणीत चढू लागला. बार्शीने मागून आणलेल्या रेल्वेने बार्शीचाच एक प्रतिस्पर्धी उभा केला म्हणावयास हरकत नाही. लातूरची गंज, तेथील अडत, तेथील तुरीचा व गळिताच्या धान्याचा बाजार यांच्या वाढीचे श्रेय पुष्कळ प्रमाणात या अरुंद रुळांना दिले पाहिजे. उलट जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, या मार्गावर आलेच नाही. येडशीवरून गाडी पुढे निघून जाई, आणि त्या शहराला स्वतःचे रेल्वे ठाणे मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. तिसरा टप्पा १९२७ सालचा : पंढरपूर, सांगोले, कवठे महांकाळ, आरग असे करीत मिरज. याने लाइनीची एकूण लांबी २०२ मैल झाली, आणि तालुक्याची म्हणून निघालेली रेल्वे कृष्णाकाठापासून मांजऱ्याच्या खोऱ्यापर्यंत पसरली.

पंढरपूरच्या यात्रेविषयी थोडक्यात. यात्रेच्या दिवसांत उतारूंचे डबे कोणत्याही मानाने पुरे पडणे शक्य नव्हते. मालाच्या वाघिणीच यात्रेकरूंसाठी लावल्या जात, आणि तरीही टप रिकामा राहत नसे. कंपनीला यात्रा लाभदायक होती यात शंका नाही. पण एकादशी सरली, पौर्णिमेचा काला झाला, की त्याच वाघिणी झाडून पुन्हा सरकी आणि करडईच्या कामाला लागत.

आता कुर्डुवाडी. या रेल्वेचे मर्म आणि तिचे दुखणे दोन्ही तेथेच होते. अडीच फुटांची लाइन साडेपाच फुटांच्या लाइनीला तेथे भेटे, आणि भेटे म्हणजे केवळ शेजारी येऊन उभी राही. वाघीण एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाण्याची सोय नव्हती. लातुराहून निघालेले प्रत्येक पोते आणि प्रत्येक गाठ कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर हमालाच्या पाठीवर चढे, चार पावले चाले आणि समोरच्या मोठ्या वाघिणीत उतरे. पोत्यात हुक रुतवून ओढायचे, त्यामुळे पोते फाटे. फाटले की गळे. गळले की तोलात तूट. तूट आली की बिल्टीवरचे वजन आणि मुंबईच्या काट्यावरचे वजन यांत तफावत, आणि मग अडत्याची मालधन्याला चिठ्ठी, मालधन्याची रेल्वेकडे तक्रार. पावसाळ्यात ताडपत्र्यांची धावपळ. मोठ्या लाइनीवरची वाघीण वेळेवर लागली नाही तर छोट्या लाइनीच्या भरलेल्या वाघिणी तशाच खोळंबत, आणि इकडे लातुरात रिकाम्या वाघिणींसाठी माल धक्क्यावर पडून राही. या चढ-उतारीवर शेकडो हमालांचे पोट चाले हे खरे, आणि कुर्डुवाडी हे गाव रेल्वेचा कारखाना व हा मालधक्का यांच्याच आधाराने वाढले हेही खरे; पण हमालीचा तो पैसा अखेर शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होई.

कॅलथ्रॉपला हे दिसत नव्हते असे नाही. इंग्लंडात १९०४ साली खुल्या झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच्याच अडीच फुटी लाइनीवर त्याने मोठ्या मापाची वाघीण सबंध उचलून वाहणारे खास वाहन वापरात आणले, म्हणजे चढ-उतारीचा प्रश्नच मिटला; तेथले एक इंजिन त्याच्याच नावाने धावे. कुर्डुवाडीला मात्र हमालाची पाठ हेच वाहन राहिले. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, उतारवयात हा गृहस्थ रेल्वे सोडून विमानातून उडी घेण्याच्या छत्रीमागे लागला. त्याच्या ‘गार्डियन एंजल’ छत्रीने पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरविले गेले, पण ब्रिटिश वैमानिकांना ती सरसकट देण्यास सरकारने मान्यता दिली नाही. १९२७ साली तो वारला. त्याच वर्षी त्याची लाइन मिरजेस पोहोचली.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाइट मध्य रेल्वेत सामील झाली. तोवर मालमोटारी रस्त्यावर आल्या होत्या, आणि मालमोटारीला कुर्डुवाडीस थांबावे लागत नसे. लातूरच्या अडत दुकानासमोर भरलेली मोटार मुंबईच्या मस्जिद बंदरातच रिकामी होई. मध्ये हुक नाही, गळ नाही, तूट नाही. छोट्या लाइनी गतीमुळे हरल्या असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो अर्धवट आहे. बार्शी लाइट हरली ती प्रामुख्याने त्या मालधक्क्यावर. कापूस, धान्य, भुसार एकेक करून रस्त्यावर गेले. रेल्वेजवळ उरले ते उतारू आणि यात्रा, आणि म्हणूनच आजच्या पिढीच्या आठवणीत ही उतारूंची रेल्वे म्हणून राहिली आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नव्या शतकाच्या आरंभी रुंदीकरण सुरू झाले; लातूर ते कुर्डुवाडी हा भाग २००७-०८मध्ये धाराशिवमार्गे नव्या आखणीने मोठ्या मापाचा झाला, रामलिंगची जुनी चढण सुटली, आणि मिरजेकडचा भाग सर्वांत शेवटी बदलला. मिरज जंक्शनला मीटर, अरुंद आणि मोठी अशी तिन्ही मापे एके काळी एकत्र नांदली, ही हकीकतही त्यासरशी जुनी झाली.

एप्रिल २०१६मध्ये लातूर शहरात पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी टाक्यांच्या मालगाडीने लातुरास नेले गेले. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या, पाणी सुमारे पाच लक्ष लिटर, अंतर ३४२ किलोमीटर, आणि मार्ग पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, म्हणजे थोडीफार आखणी वगळता बार्शी लाइटचाच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. वर्तमानपत्रांनी त्या गाडीविषयी रकानेच्या रकाने लिहिले. मिरज आणि लातूर यांना एका रुळाने कोणी आणि कशासाठी जोडले होते, हे मात्र क्वचितच कोठे छापून आले.

कंपनीचे लंडनचे अहवाल अभ्यासकाला आज ना उद्या मिळतील. परंतु धक्क्यावरचा व्यवहार त्यांत सापडणार नाही. तो बार्शी, लातूर, मुरूड आणि कुर्डुवाडी येथील अडत्यांच्या, हुंडेकऱ्यांच्या आणि मुकादमांच्या घरी, मोडीत व बाळबोधीत लिहिलेल्या चोपड्यांत आणि पिवळ्या पडलेल्या बिल्ट्यांच्या गठ्ठ्यांत आहे. ज्या वाचकांच्या माळ्यावर असे दप्तर असेल त्यांनी ते या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्यास न देता जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा नगर वाचनालयाकडे सुपूर्द करावे, ही विनंती.