राखीव प्रतीची तबकडी : लेखन आणि ताळा

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धा आणि मोरवा ही गावे आहेत. खाडी, मिठागरे आणि समुद्र यांच्या सान्निध्यामुळे तेथील हवा दमट व खारी असते. अशा हवेत खरेदीखते, फेरफाराचे उतारे, वारसाची कागदपत्रे दीर्घकाळ टिकविणे कठीण होय. पाण्याचे भयही आहेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

समजा, मोरव्यातील एका कुटुंबाने आपल्या कागदपत्रांची छायाचित्रे संगणकात साठविली. परंतु संगणकही त्याच घरात असल्यामुळे कागदावरील संकट त्याच्यावरही येऊ शकते. म्हणून राखीव प्रत स्वतंत्र तबकडीवर उतरवून ती अन्यत्र ठेवावयास हवी. अशी प्रत खऱ्या अर्थाने केव्हा तयार झाली असे म्हणता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एकदाच लिहिता येणाऱ्या सामान्य डीव्हीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तीव्र लेसर किरण त्यावर खुणा उमटवितो. तोच किरण मंद करून त्या खुणा वाचल्या जातात. या क्रियेस रूढ भाषेत ‘तबकडी जाळणे’ म्हणतात. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. मात्र १०२४ च्या पटीत मोजणारा संगणक हीच धारणक्षमता सुमारे ४.३८ गिगाबाइट दाखवितो. फाइलींची वाटणी करताना हा भेद ध्यानात ठेवावा.

लिनक्स प्रणालीत हे काम टंकित आज्ञांनी करता येते. या पद्धतीचा विशेष लाभ असा की, आज्ञा लिहून ठेवता येतात आणि पुढील वर्षी तेच काम त्याच क्रमाने पुन्हा करता येते. प्रथम ‘शा-२५६-सम’ या आज्ञेने प्रत्येक फाइलीची ताळासंख्या काढून तिची यादी करावी. फाइलीत एका अक्षराचा जरी फरक पडला, तरी ही संख्या पार बदलते. ही यादी फाइलींच्या सोबत ठेवून तिची एक प्रत निराळी जपावी.

त्यानंतर ‘जेन-आयएसओ-इमेज’ या आज्ञेने सर्व फाइलींची एकच प्रतिमा-फाइल बनवावी. तिचा मूळ आराखडा, आयएसओ ९६६०, हा १९८८ सालचा असून त्याच्या प्राथमिक पातळीत फाइलींची नावे आखूड व रोमन लिपीत द्यावी लागतात. ‘खरेदीखत आजोबा’ असे देवनागरी नाव टिकवावयाचे असल्यास आज्ञेत मोठ्या लिपीतील आर आणि जे हे पर्याय द्यावेत. त्यांनी अनुक्रमे रॉक रिज व जोलिएट या पुरवण्या जोडल्या जातात. शेवटी ‘ग्रो-आयएसओ-एफएस’ या आज्ञेने ती प्रतिमा तबकडीवर उतरवावी.

लेखन पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर येताच अनेकजण काम संपले असे मानतात. येथेच चूक होते. त्या संदेशावरून यंत्राने लिहिण्याचे काम उरकले एवढेच कळते. लिहिलेले वाचता येईल याची ग्वाही त्यातून मिळत नाही. म्हणून तबकडी एकदा बाहेर काढून पुन्हा आत घालावी. अन्यथा संगणक आपल्या तात्पुरत्या स्मृतीतूनच उत्तर देण्याचा संभव असतो. मग ‘शा-२५६-सम’ या आज्ञेस सी हा पर्याय देऊन तबकडीवरील प्रत्येक फाइल यादीशी पडताळून पाहावी. शक्य असल्यास ही परीक्षा दुसऱ्या यंत्रावर घ्यावी. पूर्वीचे लेखनिक पोथी उतरविल्यावर ती मूळ पोथीशी ताडून पाहात. त्याच दक्षतेचे हे आजचे रूप होय.

रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी झिजतो. यास्तव तबकडी डबीत, उभी, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी. तिच्यावर कागद चिकटवू नये. दोन प्रती कराव्यात. एक मोरव्यात राहू द्यावी, दुसरी पुण्यास वा नाशकास एखाद्या आप्ताकडे सोपवावी. दरवर्षी दोहोंचा ताळा पाहावा आणि एकीत दोष आढळताच दुसरीवरून नवी प्रत काढावी. ताळा जमला, आणि प्रत मूळ घरापासून दूर पोचली, म्हणजेच राखीव प्रत झाली असे समजावे.