कॅसेटमधला उजेड

रोह्यात किंवा पेणला खोकला हटत नसेल, तर डॉक्टर छातीचा फोटो काढून आणायला सांगतात. आज तो बऱ्याच ठिकाणी संगणकावर उमटतो. पण कित्येक दशकं तो चांदीच्या फिल्मवर उमटत असे आणि मोठ्या पिवळसर पाकिटातून घरी येऊन वर्षानुवर्षं कपाटावर राही. त्या फोटोचं श्रेय सगळे फिल्मला देत. खरं काम मात्र फिल्म ठेवायच्या चपट्या बंद डबीच्या, म्हणजे कॅसेटच्या आत दडलेल्या पडद्यांचं असे.

क्ष-किरण फिल्ममधून बहुतांशी आरपार निघून जातात. तिचा पातळ थर त्यांना फारसा अडवू शकत नाही. म्हणून कॅसेटच्या झाकणाला आणि तळाला आतून एकेक पांढरा पडदा चिकटवतात आणि मधे फिल्म ठेवतात. पडद्यातली जड मूलद्रव्यं क्ष-किरण शोषून घेतात आणि त्या ऊर्जेचा काही भाग दृश्य प्रकाशाच्या रूपानं बाहेर टाकतात. एका क्ष-किरण कणापासून प्रकाशाचे शेकडो कण निघतात. फोटोतला पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक काळेपणा या उजेडानं येतो.

रॉन्टगेननं १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, तेव्हा चित्र काचेच्या फोटोप्लेटवर घेत आणि हाताच्या चित्रालाही बराच वेळ लागे. १८९६ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये मायकेल प्युपिन या भौतिकशास्त्रज्ञानं एडिसनकडून आलेला चमकणारा पडदा प्लेटला लावला, आणि छऱ्यांनी भरलेल्या हाताचं चित्र काही सेकंदांत मिळालं. पुढं कॅल्शियम टंगस्टेटचे निळसर उजेडाचे पडदे रूढ झाले. १९१८ मध्ये कोडॅकनं दोन्ही बाजूंना थर दिलेली फिल्म आणली, त्यामुळं दोन्ही पडद्यांचा उजेड कामी आला. १९७० च्या दशकात गॅडोलिनियमचे हिरवा उजेड देणारे पडदे आले. तेवढ्याच चित्राला किरण आणखी कमी लागू लागले आणि फिल्मही हिरव्या रंगाला संवेदनशील करावी लागली. श्वास रोखून धरता न येणाऱ्या लहान मुलासाठी ही घट फार मोलाची: किरणांची मात्रा कमी, शिवाय हालचालीमुळं फोटो पुसट व्हायची भीतीही कमी.

याची किंमत तपशिलात मोजावी लागते. पडद्यातून निघालेला उजेड फिल्मपर्यंत पोचताना थोडा पसरतो. पडदा जितका जाड, तितकी मात्रा कमी आणि कडा तितक्या अस्पष्ट. फिल्म आणि पडदा यांच्यात फट राहिली, तर तेवढा भाग धूसर येतो. पडद्यावर धुळीचा कण बसला, तर फोटोत पांढरा ठिपका दिसतो आणि फुप्फुसात काही आहे अशी शंका येते. म्हणून जाणते टेक्निशियन पडदे नियमानं पुसत आणि कॅसेटवर क्रमांक घालत; ठिपका कुठल्या कॅसेटचा, हे त्यावरून कळे.

पुढचं काम डार्करूमचं. उजेडानं सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात चांदीचे मोजके अणू साठतात, डोळ्याला न दिसणारे. डेव्हलपर अशा स्फटिकांचं संपूर्ण चांदीत रूपांतर करतो आणि हायपो हे द्रावण उरलेले स्फटिक धुऊन काढतं. फिल्म हातानं धुवायची, तर डेव्हलपरमध्ये वीस अंश तापमानाला साधारण पाच मिनिटं लागत. कोकणातल्या मे महिन्यात नळाचं पाणी वीस अंशांवर कुठलं! मग तक्ता पाहून वेळ कमी करायची. पावसाळ्यात निराळीच काळजी: दमट हवेत जिलेटिन ओलावा शोषतं, फिल्म एकमेकींना चिकटतात, त्यांच्यावर धुकट छटा चढते. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म असो की परदेशी, रोह्याच्या कुंडलिका नदीकाठची हवा सगळ्यांना सारखीच.

रोह्याजवळच्या धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीत वेल्डमधली फट शोधायलाही फिल्म वापरतात, पण तिथं पडदा शिशाच्या पातळ पत्र्याचा असतो. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन फिल्म काळी करतात. पोलादाला मात्रेची चिंता नाही, म्हणून तिथं जास्त वेळ देऊन स्पष्टता मिळवता येते. दवाखान्यात समोर माणूस असतो, आणि तिथला पडदा त्याच्यासाठीच निवडलेला असतो.

आता फिल्म, हँगर, लाल दिवा ओसरत चालले आहेत. पण आजच्या बहुतेक डिजिटल पॅनेलच्या आत सीझियम आयोडाइड किंवा तेच गॅडोलिनियम आहे: आधी किरणाचा उजेड, मग उजेडाचा विद्युतसंकेत. बदलला तो उजेड टिपणारा. किरणाला उजेडात आणणारा पडदा अजूनही आपल्या जागेवर आहे, आणि रुग्णाच्या अंगावरचा किरणांचा भार तोच हलका करतो आहे.