कमी कापायला शिकवणारी तीन दशकं

कर्करोग मूळ गाठीतून सुटला की बहुतेकदा पहिला मुक्काम जवळच्या लसिकाग्रंथीत करतो. म्हणून विसाव्या शतकाचा मोठा भाग सर्जन मंडळींनी एकच नियम पाळला: स्तनात गाठ असेल तर काखेतल्या ग्रंथी सरसकट काढायच्या. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेचा हा वारसा. रोग तिथवर पोचला असो वा नसो, काख रिकामी होई. ज्यांच्या ग्रंथी अखेर निर्मळ निघाल्या अशा असंख्य बायकांनी सुजलेला हात, आखडलेला खांदा आणि बधिर दंड आयुष्यभर सोसला. हा अकारण त्रास कसा टाळायचा, या प्रश्नानेच पुढचा सगळा प्रवास घडवला.

पहिलं ठोस उत्तर शिश्नाच्या कर्करोगातून आलं. लसिका आधी एका ठरावीक ग्रंथीत उतरते आणि ती निर्मळ असेल तर पुढच्याही निर्मळ असण्याची शक्यता मोठी, असं रामोन कबान्यास यांनी १९७७मध्ये मांडलं. हीच पहारेकरी ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड. पण तिची जागा त्यांनी शरीररचनेवरून ठरवली होती, आणि लसिकेच्या वाटा माणसागणिक बदलतात. १९९२मध्ये कॅलिफोर्नियात डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, रुग्णांना निळा रंग टोचून प्रत्येकाची वाट प्रत्यक्ष पाहिली. पुढच्याच वर्षी डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून ही ग्रंथी किरणोत्सार टिपणाऱ्या गॅमा प्रोबने शोधली. २००३मध्ये मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांचा ५१६ महिलांवरचा तुलनात्मक अभ्यास आला, आणि पहारेकरी ग्रंथी निर्मळ असल्यास काखेला हात न लावण्याला भक्कम आधार मिळाला.

तंत्र रुजलं तशा त्याच्या उणिवाही उघड झाल्या. निळा रंग ग्रंथीतून लवकर वाहून जातो आणि चरबीआड दिसत नाही. गॅमा कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात काळा ठिपका उमटतो, पण तो किती खोल, कोणत्या शिरेपाशी, हे कळत नाही. ही खोली दाखवली स्पेक्ट-सीटीने. किरणोत्साराचं त्रिमितीय चित्र सीटी स्कॅनवर बसवलं की ठिपक्याला पत्ता मिळतो. जर्मनीतल्या एसेनच्या डॉक्टरांनी २०१२मध्ये मेलानोमाच्या रुग्णांची तुलना मांडली, तेव्हा स्पेक्ट-सीटीच्या आधारे केलेल्या शस्त्रक्रियांत रोगग्रस्त ग्रंथी अधिक सापडल्याचं दिसलं.

तरीही नकाशा राहिला पडद्यावर आणि सर्जनचे हात रक्तमांसात. हे अंतर नेदरलँड्समध्ये मिटलं. फेस फान लेउवेन, रेनातो वाल्देस ओल्मोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्नेशियमयुक्त अल्ब्युमिनच्या सूक्ष्म कणांना इंडोसायनिन ग्रीन हे प्रकाशणारं द्रव्य जोडलं. नुसतं इंडोसायनिन ग्रीन पुढच्या ग्रंथींकडे निसटतं. कणांना चिकटलं की पहारेकरी ग्रंथीतच थांबतं. २०११मध्ये आम्सटरडॅममध्ये रोबोटच्या साहाय्याने होणाऱ्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांत ते वापरल्याचं प्रसिद्ध झालं.

यात काम कसं चालतं ते पाहण्याजोगं आहे. शस्त्रक्रियेआधी काही तास गाठीभोवती एकच इंजेक्शन देतात. मग गॅमा कॅमेरा आणि स्पेक्ट-सीटी. टेक्नेशियमचा अर्धायुष्यकाल सहा तास, त्यामुळे घाई नसते. ऑपरेशन थिएटरमध्ये गॅमा प्रोबचा आवाज वाढेल तिथे छेद घेतात. ऊती बाजूला झाल्या की दिवे मंद करून विशेष कॅमेरा धरतात आणि डोळ्यांना न दिसणारी ग्रंथी पडद्यावर उजळते. ती काढल्यावर प्रोब पुन्हा फिरवून काही राहिलं नाही ना, हे तपासतात. प्रकाश ऊतीतून जेमतेम सेंटिमीटरभर वर येतो, म्हणून खोलवरच्या शोधाला किरणोत्सारच लागतो. दोन्ही एका थेंबात आहेत, हीच यातली खरी करामत.

आपल्याकडे याचं मोल तोंडाच्या कर्करोगात सर्वाधिक आहे. सुरुवातीच्या अवस्थेतच मानेतल्या ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात, वाट पाहिली तर ६७.५ टक्के; हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५मध्ये सिद्ध केलं. पण अशा बहुसंख्य रुग्णांच्या मानेत रोग नसतोच. २०२०मध्ये आलेल्या फ्रेंच अभ्यासाने पहारेकरी ग्रंथी तपासून निर्णय घेणंही तितकंच सुरक्षित ठरवलं. अडचण एवढीच, की जिभेखालच्या गाठीजवळची ग्रंथी इंजेक्शनच्या जागेच्या किरणोत्सारात झाकली जाते. तिथे स्पेक्ट-सीटी आणि प्रकाश मदतीला येतात.

२०२३मध्ये मिलानच्याच आणखी एका अभ्यासाने दाखवलं, की स्तनातली गाठ लहान आणि काखेची सोनोग्राफी निर्मळ असेल तर काही जणींना पहारेकरी ग्रंथीची तपासणीही नको. म्हणजे प्रवास अजून कमी कापण्याच्याच दिशेने चालला आहे. तेव्हा घरात कुणाला स्तनाचा, तोंडाचा कर्करोग किंवा मेलानोमा निघाला, तर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा: पहारेकरी ग्रंथीची तपासणी आमच्या रुग्णाला लागू आहे का, आणि इथे नसेल तर ती कुठे होते?